तान्हूबाईचा हंडा आणि माझी तीनशे पत्रकं

तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या भांड्यावर कुणाचं नाव कोरलेलं आहे, हे न उठता सांगता येईल का?

मला येत नव्हतं. तरीही पितळ, देव आणि भूक या तिन्ही विषयांवर मी एक पत्रक लिहिलं होतं, त्याच्या तीनशे प्रती छापल्या होत्या, आणि त्या घेऊन दुष्काळाच्या ऐन उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या चिंचदरे नावाच्या वस्तीला अक्कल शिकवायला गेलो होतो. ही त्या प्रवासाची हकीकत. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. ज्यांनी पाहिलेला आहे त्यांनी हसून घ्यावं.

आधी माझ्याविषयी थोडं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचे. त्यांवर मी अक्षरं शिकलो. येशूच्या तारणाची पत्रकं, दारूबंदीची पत्रकं, पुढे संपाची, मोर्चाची. त्यामुळे जगात जे काही चुकतं आहे ते एका पानात, ठळक मथळा देऊन आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं टाकून सुधारता येतं, अशी माझी चोविसाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक समजूत होती. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला होता. देव आहे की नाही याचा निकाल मात्र माझ्यापुरता दर आठवड्याला बदलत असे.

त्या वर्षी आमच्या ख्रिस्ती समाजाच्या एका मासिकात चिंचदऱ्याच्या यशवंत मास्तरांचं चार ओळींचं पत्र आलं. वस्तीवरच्या भगिनी आपली पितळी भांडी अर्पण करत आहेत, आणि बायबलमधल्या मोशेच्या निवासमंडपात, म्हणजे देवाच्या तंबूत, होतं तसं एक गंगाळ त्यांतून घडवून बाप्तिस्म्यासाठी मंदिरात ठेवणार आहेत, असा मजकूर होता. मी पेटलो. माणसं खडी फोडून मिलो, म्हणजे रेशनची ती परदेशी लाल ज्वारी, खात आहेत आणि यांना देवासाठी पितळ सुचतं आहे! त्याच रात्री पत्रक लिहून काढलं. मथळा: 'देवाला पितळ, माणसाला मिलो!!!' कागद एकाच बाजूने छापला, दुसरी बाजू कोरी राहिली. तेव्हा वाटलं काटकसर केली. आता वाटतं, माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं.

खडीवर

पारनेरपर्यंतच्या एस.टी.बद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथून पुढे दोन कोस चालायचं होतं. पत्रकांचा गठ्ठा डोक्यावर, खांद्याला पिशवी, मनात भाषण. वाटेच्या दोन्ही बाजूंना जमीन अशी पडली होती की कुणी तिच्यावरचं अंथरूण काढून नेलं असावं. बाभळी तेवढ्या हिरव्या. मोटा नसलेल्या विहिरींवर कावळेसुद्धा बसत नव्हते.

वस्तीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. पंचवीस-तीस बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या. भाषणाची सुरुवात इथूनच करावी म्हणून मी रुबाबात थांबलो, गठ्ठा खाली घेतला, आणि सुतळी तुटली. वारा होताच. माझी तीनशे पत्रकं खडीच्या ढिगांवरून, बायांच्या डोक्यांवरून, निवडुंगांतून उडत सुटली. मी त्यांच्यामागे धावलो. एक पाय ढिगात घसरला आणि मी क्रांतीच्या कामी पहिलं रक्त सांडलं, तेही गुडघ्याचं.

बायांनी हातोड्या ठेवल्या आणि पत्रकं वेचायला लागल्या. ज्वारीची कणसं वेचावीत तशी सराईतपणे.

"पावनं, तमाशा आलाय का कुटं?" एकीने विचारलं. ही साळूबाई. तिच्या जिभेची ओळख पुढे होईलच.

"तमाशा नाही," मी म्हणालो, "तुमच्यासाठी आहे. वाचा."

"वाचाया येत आस्तं तर खडी फोडली आस्ती व्हय?"

सगळ्या हसल्या. एक साठीची, बारकी, काळीसावळी बाई माझ्याजवळ आली. तिने वेचलेली पत्रकं कडा जुळवून, थापटून दिली. हीच तान्हूबाई. एक पत्रक उलटंपालटं करून ती म्हणाली, "लेकरा, ह्या बाजूला तर काईच न्हाई. चांगला कागद हाय. ठिऊ का एक? कामाला यील."

मी मोठ्या मनाने परवानगी दिली. माझं पत्रक घेतलं ते कोऱ्या बाजूसाठी, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मास्तरांच्या घरी

यशवंत मास्तर पूर्वी शाळेवर होते. आता वस्तीच्या मंडळीची उपासना चालवतात आणि टाळ घेऊन कीर्तनही करतात. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मी विरोध करायला आलो आहे हे कळल्यावर त्यांनी मला आधी पाय धुवायला पाणी दिलं. तांब्याभरच. नंतर कळलं की टँकरचं पाणी दर घराला दोन घागरी मिळत होतं, आणि मी त्यातला तांब्या पायांवर ओतला होता.

जेवायला मिलोची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. मिलोची भाकरी तांबूस, चिवट आणि गार झाली की वहाणेला टाच म्हणून लावता येईल अशी. पुण्यात आमच्याकडे रेशनचा गहू जाडा आला की आई दोन दिवस कुरकुरते. इथे मास्तरांच्या बायकोने "घ्या, लाजू नका," असं म्हणून ती भाकरी अशी वाढली की जणू श्रीखंड वाढते आहे. भुकेवर पत्रक लिहिणाऱ्या मी चार भाकऱ्या खाल्ल्या. किती केल्या होत्या हे विचारायचं सुचलं तेव्हा टोपली रिकामी होती.

मास्तरांनी पत्रक कंदिलाजवळ नेऊन, डोळ्याला चिकटवून, शेवटपर्यंत वाचलं. मग शाळेतल्या सवयीने म्हणाले, "मथळा झकास. भाषा चोख. फक्त एक गोष्ट राहिली."

"कुठली?"

"तुम्ही म्हणता, पितळ विकून धान्य घ्यावं. बायांनी ते गेल्या दिवाळीतच केलंय. धड भांडी होती तेवढी गेली. आता आहेत ती चिरलेली, गळकी. एकेकीकडं एकेक."

दारात साळूबाई येऊन टेकली होती. ती म्हणाली, "हे बी इकलं तर आठ दिसाचं दानं यील. नवव्या दिशी तुमी काय छापशीला?"

मी मास्तरांच्या हातातलं पत्रक घेऊन उलटलं. दुसरी बाजू कोरीच होती.

मंदिरात

मंदिर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. दुसऱ्या दिवशी खडीला सुट्टी होती, म्हणून बाया आपापली भांडी घेऊन जमल्या. हंडे, घागरी, तपेली, एक बिनकानाचं पातेलं, एक परात. सगळी मिळून बावीस. मध्ये ढीग लागला, आणि मास्तर टाळ घेऊन उभे राहिले.

मी मागे भिंतीला टेकून वही काढली. खोडून काढण्यासाठी मुद्दे टिपायचे होते. ते मुद्दे अजून वहीत आहेत. पण त्यांच्यावर मी नंतर रेघा मारल्या, म्हणून त्यांतलं मास्तरांचं तेवढं सांगतो.

मास्तर म्हणाले, "मोशेनं रानात देवाचा तंबू उभा केला. बायांनो, त्याच्यात सोनं किती, चांदी किती, तलम कापड किती! पण हे सगळं कुठं? आत. बाहेरून काय दिसायचं? बकऱ्याच्या केसाची कनात आणि वर कातडी. वाटंनं जाणाऱ्याला वाटावं, धनगराचं पाल पडलंय."

"आमच्या मंदिरावानी," कुणीतरी म्हणालं.

"आता आत चला. अंगणात पितळ. कारण तिथं वेदी, तिथं विस्तव. पितळ ते सोसतं. जो सोसतो तो दाराशी. मग चांदी. ही चांदी कशाची? माणशी सारखी घेतलेली. श्रीमंतानं जास्त द्यायची नाही, गरिबानं कमी द्यायची नाही. तिच्या केल्या बैठका, आणि त्यांवर उभ्या केल्या फळ्या. बैठक कुठं असते? खाली, वाळूत. कुणाला दिसत नाही, पण तिच्यावरच सगळं उभं. मग अगदी आत सोनं. ते देवाच्या समोर. त्याला किंमत नाही, कारण तिथं गिऱ्हाईकच नाही."

मी वहीत लिहिलं: 'सोन्याचं गूढ वलय निर्माण करून श्रमिकांची दिशाभूल.' आणि उभा राहिलो. "मास्तर, शलमोन राजाच्या मंदिराचं काय? तिथं तर भिंतीसुद्धा सोन्यानं मढवल्या होत्या. आणि ते बांधायला माणसं वेठीला धरली होती!"

मला वाटलं, आता मास्तर अडकले. मास्तरांनी टाळ बगलेत धरले आणि शांतपणे मान डोलावली. "खरं आहे. तिथं सोनं फार, आणि वेठबिगारीही फार. म्हणून ते मला सांगायला जमत नाही. तंबू बरा. तंबूला ज्याच्या मनात आलं त्यानंच दिलं."

प्रतिपक्ष असा मान्य करून टाकत असेल तर माणसाने भांडावं कसं? मी खाली बसलो. मास्तर पुढे निघाले. बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या स्वर्गीय नगरीच्या पायांत बारा रत्नं आहेत, वेशी मोत्यांच्या आहेत, आणि सोनं मात्र रस्त्याला घातलंय, पायाखाली, खडी घालावी तसं.

साळूबाई एकदम म्हणाली, "म्हंजी मास्तर, वर गेल्यावरबी रस्त्याचंच काम हाय व्हय?"

पत्रे थरथरतील असं हसू उसळलं. मास्तरही डोळे पुसत हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "काम नाही, साळू. तयार रस्ता. तू नुसतं चालायचंस."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "मंग ठीक हाय."

मला वाटतं, वहीतली पहिली रेघ मी तेव्हा मारली.

शेवटी गंगाळाची गोष्ट आली. तंबूच्या दाराशी सेवा करणाऱ्या बाया होत्या. त्या काळी काचेचे आरसे नव्हते, घासून लखलखीत केलेल्या पितळेत तोंड बघायचं. त्या बायांनी आपले आरसे दिले आणि त्यांचं गंगाळ झालं. ज्यात स्वतःला बघायचं, त्यात दुसऱ्यांनी हातपाय धुतले. मास्तर म्हणाले, "आणि मुख्य याजकाच्या छातीवर बारा रत्नं असायची. प्रत्येकावर एका वंशाचं नाव कोरलेलं. नावं छातीवर घेतल्याबिगर त्यानं आत जायचंच नाही. मला विचाराल तर रत्नं म्हणजे नावं कोरायच्या पाट्या. नाव महाग, म्हणून खडा महाग. आपल्याकडं रत्नं नाहीत. पण नावं आहेत."

मग बायांनी भांडी पालथी-उताणी केली, आणि मला पहिल्यांदाच ते दिसलं. प्रत्येक भांड्याच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. लग्नात मामाने दिलेलं, बापाने दिलेलं, जत्रेत घेतलेलं. आपल्याकडे हे घरोघर असतं. असतं म्हणूनच मी ते कधी वाचलं नव्हतं. भांडी वितळली की ही नावंही जाणार होती. म्हणून बायांनी ठरवलं होतं की नव्या गंगाळाच्या काठावर सगळी नावं पुन्हा कोरून घ्यायची. नगरच्या तांबटाने सांगितलं होतं, काठावर बावीस नावं बसतील, तेविसावं बसणार नाही. भांड्यामागे एक नाव.

पण यादी करणार कोण? मास्तरांना ठिपके दिसेनात. बायांना वाचता येईना. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. तान्हूबाईने कमरेची घडी सोडून कालचं पत्रक काढलं आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवलं.

"म्या म्हनलं न्हवतं, कामाला यील?"

अशा रीतीने माझी पत्रकं अखेर कामाला आली. 'देवाला पितळ, माणसाला मिलो' याच्या पाठीवर मी एकेका भांड्याचं नाव लिहू लागलो. एका कागदावर एक, मोठ्या अक्षरांत, तांबटाला दिसेल असं.

तान्हूबाईचा हंडा सगळ्यात शेवटी आला. बुडाला चीर होती, पण गळा असा घासलेला की त्यात माझं तोंड दिसलं. नाव होतं: सौ. यमुना.

"तुमचं नाव यमुना?" मी विचारलं.

"न्हाई रं. माजं तान्हू. ह्यो हंडा पारनेरच्या बाजारात मोडीवाल्याकडनं घेतलेला. थोरला झाला तवा. मला कोन नवं भांडं देतंय? एका शाळंच्या मास्तरानं वाचून दावलं तवा कळलं, यमुना म्हून."

"ही यमुना कोण?"

"कुनाला ठावं. कुनाच्या घरची, कुन्या जातीची. आता आसंल-नसंल. तीस वर्सं तिच्या हंड्यात पानी भरलं, पोरं वाडिवली. सकाळी चुलीपुढं सगळ्यांसाठी मागनं करते. पोरांचं नाव घ्येते, सुनांचं घ्येते, हिचं बी घ्येते. तेवढ्यात तेवढं." मग ती कागदाकडे बोट करून म्हणाली, "तर तू यमुना लिही."

"पण मग तुमचं नाव राहून जाईल!"

"ऱ्हाऊ दे. मला हितली समदी वळखत्यात. तिला माज्याबिगर कोन हाय? ह्यो हंडा भट्टीत गेला, की ती गेली."

मी तत्त्वावर आलो. या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाचं भांडं वापरलं. जी यमुना कदाचित हिला अंगणात उभीही करती ना, तिचं नाव मंदिरात आणि हिचं कुठेच नाही? मी दहा मिनिटं बोललो. श्रम, इतिहास, मिटवलेली माणसं. बाया ऐकत होत्या. तान्हूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं का? आता लिही. यमुना."

मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं.

नगर

भांडी नगरला पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण खडीचा खाडा दुसऱ्या कुणाला परवडत नव्हता. दोन पोती भांडी एस.टी.च्या टपावर चढली. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, लग्नाला निघालाय का लग्नातनं पळालाय?" सुप्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला टपावर बँड वाजत होता आणि सगळी गाडी माझ्याकडे वळून बघत होती.

त्या गाडीत, तो बँड ऐकत, मी निर्णय घेतला. तो निर्णय मला फार थोर वाटला होता हे कबूल करतो. तांबटआळीत पोचायच्या आधी, एका हॉटेलात चहा आणि शेवपाव खाताना मी बाविसावं पत्रक काढलं, 'सौ. यमुना' यावर रेघ मारली, आणि खाली लिहिलं: तान्हूबाई. माझ्या हातून इतिहासाचा एक अन्याय दूर झाला असं वाटलं, आणि मी आणखी एक शेवपाव मागवला.

तांबटाचं नाव रंगनाथ. माणूस थोडं बोलणारा. कानांत कापूस, कारण आळीत दिवसभर ठोकाठोक. त्याने कागद एकेक करून बघितले, मागची बाजूही वाचली. बाविसाव्या कागदावर थांबला.

"हे खोडलेलं?"

"चुकून लिहिलं होतं."

"चुकून लिहिलेलं इतकं सुबक?" तो म्हणाला, आणि कागद खिळ्याला टोचला.

मी भट्टीशी थांबलो. भांड्यांचे तुकडे एकेक करून मुशीत पडत होते. हंड्याचा गळा पडला तेव्हा ठिपके क्षणभर लाल दिसले, मग आजूबाजूचं सगळंच लाल झालं आणि ते कुठे गेले ते कळलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. धुराने आलं असं मी तेव्हा लिहून ठेवलं आहे.

पुन्हा चिंचदरे

तीन आठवड्यांनी, गंगाळ मंदिरात ठेवायच्या रविवारी, मी पुण्याहून पुन्हा गेलो. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो. या खेपेला पाय धुवायला पाणी घेतलं नाही, आणि भाकऱ्या मोजून दोन खाल्ल्या. एवढी प्रगती झाली होती.

गंगाळ मधोमध, दगडी ओट्यावर होतं. अंगभर ठोक्यांची नक्षी, दोन बाजूंना कड्या, आणि काठावर गोल फिरणारी नावं. उपासनेआधी बाया पुढे येऊन आपापलं नाव शोधत होत्या. मी वाचून दाखवत होतो. साळूबाईने आपल्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ही मीच का? लई बारीक झालीय." आणि बोट लवकर उचललं नाही.

मग तान्हूबाई आली. "यमुना कुटं हाय?"

माझं भाषण तयार होतं. बसमध्ये पाठ केलं होतं. पण तिचं तोंड बघितलं, आणि ज्याने तीनशे प्रतींत सत्याचा पुरस्कार केला होता, त्याने तिचा हात धरून 'तान्हूबाई' या अक्षरांवर ठेवला आणि सांगितलं, "ही इथं."

तिने बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे, एकदा. मग पुन्हा, हळू. कपाळाला आठी पडली.

"ही न्हाई ती."

"अहो, नवीन कोरलंय ना, म्हणून..."

"लेकरा, तीस वर्सं राखंनं घासलंय म्या तिला. रोज. डोळं मिटून घासलंय. पैल्यांदा टोक, मंग पोट, मंग गाठ. ही न्हाई ती. ही कोन हाय?"

मला वाचता येतं, तिला येत नाही, अशी माझी समजूत होती. मी खाली बघून म्हणालो, "ते तुमचं नाव आहे. मी बदललं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती काठावर हात तसाच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आजवर लोकांनी आमाला न इचारता आमची नावं पुसली. तू न इचारता घातलंस. मला दोन्ही सारकंच वाटतंय, बाबा." मग ती गंगाळाकडे वळली. "आन् ती गेली."

माझ्या पत्रकांना आजवर पुष्कळ उत्तरं आली आहेत. इतकं थोडक्यात कुणी दिलं नव्हतं.

मास्तर पुढे आले. काठ बोटांनी चाचपला. जागा नव्हतीच. मग त्यांनी गंगाळ ओट्यावर पालथं करायला लावलं. बूड मोकळं होतं, गुळगुळीत.

"तान्हूबाई," ते म्हणाले, "चांदीच्या बैठका कुठं होत्या?"

"खाली," ती म्हणाली. "वाळूत."

"चालंल?"

तिने विचार केला. आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पर ह्यानंच घालायचं. हातानं."

साळूबाईने खडीवरची छिन्नी आणि हातोडी आणून दिली. उपासना तासभर थांबली. सगळी मंडळी मला गराडा घालून बसली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकेक अक्षर कष्टाने लिहिलं. पहिला घाव पितळेवर, दुसरा अंगठ्यावर. "छापखान्यात आसं व्हत न्हाई, न्हाई का?" साळूबाई म्हणाली. दर दोन ठिपक्यांनी तान्हूबाई बोट लावून बघायची. "आजून खोल." "पोट जरा फुगव." तिच्या बोटाला जे पाठ होतं ते ती मला सांगत होती. अक्षरं माझी नव्हती आणि तिचीही नव्हती. कधीकाळी कुठल्यातरी बाजारात बसलेल्या नाव घालणाऱ्याची होती.

पुरं झाल्यावर तिने डोळे मिटून बोट फिरवलं. "मदलं जरा वाकडं हाय." पुन्हा फिरवलं. "पर हाय तीच."

गंगाळ सुलटं झालं. यमुना खाली गेली, दगडावर, कुणाला न दिसणारी. टँकरच्या पाण्यातून प्रत्येक घराने वाटीवाटी आणून ते जेमतेम चार बोटं भरलं. त्यात त्या दिवशी साळूबाईच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. मास्तरांनी नाव विचारलं तेव्हा साळूबाईने क्षणभर तान्हूबाईकडे बघितलं. मला वाटलं, आता यमुना म्हणेल. पण तिने आधी ठरलेलं होतं तेच सांगितलं: सुशीला. सगळ्या गोष्टी पत्रकासारख्या संपत नाहीत.

उरलेली पत्रकं मी तिथेच ठेवून आलो. मास्तर त्यांच्या कोऱ्या बाजूवर बायांना अक्षरं गिरवायला शिकवतात असं कळतं. छापील बाजूबद्दल कुणी काही कळवलेलं नाही.

आता तुमच्याकडे मागणं. हे वाचून झालं की उठा, स्वयंपाकघरात जा, आणि ते जुनं भांडं उजेडात धरून त्यावरचं नाव मोठ्याने वाचा. आणि तुमच्या घरी पूर्वी यमुना नावाची कुणी सासुरवाशीण असेल, तिचा पितळी हंडा पारनेरच्या बाजूला मोडीत गेला असेल, तर मला कळवू नका. तान्हूबाईला पत्रही लिहू नका, तिला वाचता येत नाही. चिंचदऱ्याला जा. खडीवर विचारा, कुणीही दाखवेल. तिच्यापुढे बसा, आणि यमुना कशी होती ते तिला सांगा.